तिसरीतली लेक धावण्यात शेवटची आली, ‘स्पीड-अ‍ॅजिलिटी’चा क्लास लावू का?

अबोली_नाशिक

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय अगदीच घरगुती वाटला तर सांभाळून घ्या.

लेक तिसरीत आहे. गेल्या शनिवारी शाळेचा क्रीडादिन झाला. पन्नास मीटरच्या शर्यतीत आठ मुली होत्या, ही आठवी आली. सातवीला बिस्किटाचा पुडा मिळाला तेव्हा आमची अजून पळतच होती. मागच्या वर्षीही हेच. नंतर पोत्यात पाय घालून उड्या मारायच्या शर्यतीत पडली, गुडघा खरचटला, पण रडली नाही. रडू मला आलं.

फाटकाशी एका अकॅडमीचा माणूस पत्रकं वाटत होता. ‘वेग, चपळाई, स्फोटक ताकद, वय ५ ते १०.’ आठवड्यातून पाच दिवस, रोज दीड तास. जमिनीवर अंथरायची शिडी, रंगीत कोन, कमरेला बांधून ओढायचं छोटं पॅराशूट, सगळं फोटोत दिसतंय. फी तीन महिन्यांची साडेनऊ हजार. वर म्हणतो, ‘मॅडम, हेच वय आहे, दहानंतर खिडकी बंद होते, मग वेग वाढत नाही.’ कुठली खिडकी ते मला कळलं नाही, पण नवऱ्याला कळलं असावं, कारण तेव्हापासून तो घरात येरझाऱ्या घालतोय.

शाळेने ऑगस्टमध्ये खेलो इंडियाच्या चाचण्या घेतल्या होत्या. त्यात तिसरीपर्यंतच्या मुलांची उंची-वजन, एका पायावर पट्टीवर तोल सांभाळणं आणि दोन तबकड्यांना भराभर हात लावणं एवढंच असतं. त्यात ती चांगली निघाली. पन्नास मीटर पळणं चौथीपासून सुरू होतं म्हणे.

वेग, चपळाई, उडी हे उपजत असतं की शिकवून येतं? या वयात क्लास लावावा का? अनुभव सांगा. (‘आमच्या वेळी क्लास नव्हते’ हे माहीत आहे, तेवढं सोडून.)

एक_जूनवाला

आमच्या वेळी क्लास नव्हते.

(सॉरी, राहवलं नाही.) आमच्या वेळी मारकुटे मास्तर होते, तेच आमचं स्पीड ट्रेनिंग. वाचतोय.

मास्तर_चौथी_ब

अबोलीताई, मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवतो. चौथी ब असं काही नाही, चौथीच सात पोरांची आहे. नाव नुसतं रुबाबाला. पण पंधरा वर्षं केंद्रस्तरापासून तालुक्यापर्यंत लहान गटाच्या स्पर्धांना पोरं नेतोय, त्यावरून सांगतो.

आधी एक सरकारी गोष्ट, म्हणजे शाळेवर राग निघायचा तो योग्य जागी निघेल. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं आहे. पण शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक कायद्याने फक्त सहावी ते आठवीला, तोही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला कुणीच नाही. ज्या वयात पोरगं पळायला, उडी मारायला, वळायला शिकतं, त्या वयात त्याला शिकवणारा तोच, जो गणित, परिसर अभ्यास आणि खिचडीचा हिशोबही बघतो. त्यामुळे होतं काय, तर ‘जा रे मैदानावर खेळा’. आणि डिसेंबरात एकदम शर्यत. वर्षभर शिकवायचं नाही आणि एक दिवस परीक्षा घ्यायची, हे आपण गणितात करतो का?

आता पोरांचं. या वयाची पोरं लांब पळायला नाखूश असतात आणि थोडं पळून, थांबून, परत पळायला कायम तयार असतात. तो आळस नव्हे. पाच-सहा सेकंदांच्या झपाट्याला लागणारी शक्ती स्नायूत तयार साठवलेली असते, आणि लहान मुलांची ती मोठ्या माणसापेक्षा लवकर भरून निघते. तुम्ही-आम्ही एकदा जिवाच्या आकांताने पळालो की दहा मिनिटं धापा टाकतो. पोरगं दोन मिनिटांत ‘अजून एकदा’ म्हणतं. म्हणून माझ्याकडे ‘मैदानाला पाच फेऱ्या’ ही गोष्ट बंद आहे. दहा ते वीस मीटर, पूर्ण जोर, मग आरामात चालत परत.

सुरुवात दरवेळी वेगळी. पोटावर झोपून, टाळी वाजली की उठून पळ. पाठमोरं बसून. मांडी घालून. डोळे मिटून, मी नाव घेईन त्यानेच पळायचं. पोरांना वाटतं गुरुजी गंमत करतायत. खरं तर पहिली तीन पावलं जोरात कशी टाकायची ते त्यातच शिकून होतं, ‘गुडघा वर, हात नव्वद अंशात’ असं ओरडावं लागत नाही.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्या बहुतेक खेळांत बाद झालेला बाहेर बसतो. म्हणजे सगळ्यांत हळू पोरगं सगळ्यांत आधी बाहेर. ज्याला पळण्याची सगळ्यांत जास्त गरज, तेच झाडाखाली बसून माती उकरतंय! मी नियम बदलला. पकडला गेला की बाहेर नाही, साखळीत यायचं आणि दुसऱ्याला पकडायचं. विषामृतात विष लागलं तर कुणीतरी अमृत देऊन सोडवतंच, तो खेळ म्हणूनच मला आवडतो. लंगडीत बाद झालेल्याने बाजूच्या रेघेवर दहा उड्या मारून परत आत यायचं. एका तासाला कोण किती पळालं ते मोजून बघा, शेवटच्या पोराचं पळणं दुपटीवर जातं.

उडीचंही तेच. चाळीस पोरं आणि वाळूचा एक खड्डा असेल तर एकेकाच्या वाट्याला तासात दोन उड्या आणि बाकी वेळ रांगेत ढकलाढकली. त्यापेक्षा फक्कीने पाच रेघा मारा, जागेवरून लांब उडी घ्या, रेघेपासून मागच्या टाचेपर्यंत टेपने मोजा. मी वर्गात ‘उडीची वही’ ठेवलीय. त्यात पोराचं नाव आणि त्याच्याच उड्या, तारखेसकट. पहिला-दुसरा नंबर नाही. एक पोरगी जुलैत एक मीटर चार सेंटिमीटरवर होती. दिवाळीनंतर एक मीटर एकोणीस. वर्गात तिच्यापुढे सहा जण आहेत हे तिच्या खिजगणतीतही नाही. ती वही घेऊन घरी गेली होती, आजीला दाखवायला.

क्लासबद्दल मी बोलत नाही. शिडी वाईट नसते. पण त्या पैशांत दोरीवरच्या उड्यांच्या दोऱ्या अख्ख्या वाडीला येतील.

दशांशचिन्ह

ताई, एकच प्रश्न. मुलीची जन्मतारीख? वर्ष नको, दिवस आणि महिना सांगा.

अबोली_नाशिक

१९ डिसेंबर. का हो? पत्रिका बघताय?

दशांशचिन्ह

पत्रिकेपेक्षा भारी.

महाराष्ट्रात पहिलीत प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत असा हिशोब धरतात. म्हणजे वर्गातली सगळ्यांत मोठी मुलगी १ जानेवारीची असू शकते आणि सगळ्यांत लहान ३१ डिसेंबरची. क्रीडादिन डिसेंबरच्या सुरुवातीला झाला ना? त्या दिवशी तुमची मुलगी आठ वर्षांचीही नव्हती. शेजारच्या रेघेवरची जानेवारीतली मुलगी नऊला टेकलेली. शिवाय ‘पोर लहान आहे, एक वर्ष थांबू’ म्हणून उशिरा घातलेली मुलं वेगळीच. आठ वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे आठवा हिस्सा. चाळिशीतल्या माणसाला पंचेचाळिशीतल्याबरोबर पळवलं तर कुणाला काही वाटणार नाही. इथे तोच फरक पायाच्या लांबीत उघड दिसतो.

पायाची लांबीच का? वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले सेकंदाला पडणारी पावलं. बोल्टने २००९ साली बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत मारले तेव्हा साधारण ४१ पावलं टाकली, म्हणजे सेकंदाला सव्वाचारच्या आसपास. तिसरीतलं पोरगं जीव खाऊन पळतं तेव्हा तेही सेकंदाला चारेक पावलं टाकतं! पावलांचा झपाटा पोरांकडे आधीच असतो. कमी पडते ती पावलाची लांबी आणि जमिनीला मारलेला रेटा. दोन्ही उंचीबरोबर आणि स्नायूंबरोबर येतात, क्लासच्या फीबरोबर नाही. म्हणून सहाव्या वर्षापासून मुलं दरवर्षी काही न करताही वेगवान होत जातात, आणि ते श्रेय ज्याचा क्लास चालू असेल तो घेतो.

अवांतर: वेळ कुणी लावली? घड्याळवाले गुरुजी शेवटच्या रेघेवर उभे राहून शिट्टी ऐकून बटण दाबत असतील तर पन्नास मीटर यायला आवाजालाच दीड दशांश सेकंद लागतो. म्हणून झेंडा बघून दाबायचं असतं, शिट्टी ऐकून नव्हे. हाताने लावलेल्या घड्याळात ०.२ सेकंदाने कोण पुढे, कोण मागे, यावर लेकराचं भविष्य ठरवू नये.

एक_जूनवाला

आमच्या अख्ख्या वर्गाची जन्मतारीख १ जून. मास्तरांनी दाखल करताना लिहिली तीच. म्हणजे आम्ही सगळे बरोबर एकाच वयाचे होतो आणि तरी मीच शेवटचा यायचो. यावर दशांशपंतांचं काय म्हणणं?

दशांशचिन्ह

तुमचं खरं वय कुणालाच माहीत नाही, तुम्हालाही. केस बंद.

खांबाशी_वळलेली

मी खो-खो खेळलेय. शाळा, मग जिल्हा, मग राज्य. गुडघे अजून शाबूत आहेत, कारण पूर्वीच्या मैदानांवर माती होती.

अबोलीताई, चपळाईवर थोडं लिहिते, कारण त्या पत्रकातली शिडी बघून माझा पारा चढला. शिडीच्या चौकोनांतून टपाटप पाय टाकणं छान दिसतं, व्हिडिओत तर फारच छान. पण तिथे पुढचं पाऊल कुठे पडणार ते आधीच ठरलेलं असतं. तो पाठांतराचा प्रकार झाला. मैदानावरची चपळाई म्हणजे समोरचीचा खांदा कुठे झुकलाय ते दिसणं, तिची हुलकावणी ओळखणं, त्या क्षणी स्वतःला थांबवणं आणि उलट वळणं. थांबवणं हा शब्द नीट वाचा. पळायला सगळ्यांना येतं, ब्रेक थोड्यांना लागतो. ज्याला कंबर खाली घेऊन, पावलं बारीक करून थांबता येतं, तोच वळतो. बाकीचे गोल फिरून येतात.

आता खो-खो बघा. मोठ्यांचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून चौकांत बसलेले. पाठलाग करणारीने एकदा दिशा पकडली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जायचं नाही. पळणारीला मात्र सगळीकडे मोकळं. म्हणजे पळणारीला सारखं वळावं लागतं आणि पाठलागवालीला सारखा निर्णय घ्यावा लागतो, आता मीच पळू की खो देऊ. आणि ती बसलेली? तिला पाठीवर खो मिळाला की उकिडव्या बसणीतून उठून पहिल्या पावलाला पूर्ण जोर. धावपटू ठोकळ्यावरून सुटतात ते यापेक्षा फार वेगळं नसतं. एका डावात एकेका मुलीला ती सुरुवात कितीदा करावी लागते मोजा. आणि ती कधी मिळणार ते माहीत नसतं, म्हणून कान आणि पाठ दोन्ही जागे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, महिला आणि पुरुष दोन्ही गटांत अंतिम सामन्यात नेपाळला हरवून भारत जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आमच्या सोसायटीतल्या किती पोरांना ही दोन नावं माहीत असतील? मी विचारून पाहिलं. एकाला. तो माझा भाचा.

लहानांसाठी मैदान निम्मं करा, खांबाच्या जागी दोन पोरं उभी करा, डाव दोन मिनिटांचा. खांबावर सूर मारणं वगैरे अजिबात नको. तेवढं जागेअभावी जमत नसेल तर आट्यापाट्या. पाटीवरच्याला हुलकावणी देऊन खिंडीतून पलीकडे जायचं, याच्याइतकं चपळाईचं शिक्षण मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि खर्च म्हणजे चार मुठी फक्की.

प्रश्नचिन्ह

हे सगळं ठीक, पण जनुकांचं काय? माझ्या ऑफिसातल्या एकाने मुलाची लाळ पाठवून चाचणी करून घेतली. ‘स्प्रिंट जीन’ आहे असा अहवाल आला. आता तो मुलाला बुद्धिबळातून काढून अ‍ॅथलेटिक्सला घालतोय. पोरगं सहा वर्षांचं आहे.

हाडवैद्यीण

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाडं मी बसवत नाही, नाव मजेत घेतलंय.

आधी प्रश्नचिन्हांना. ते ‘एसीटीएन-३’ नावाचं जनुक. जोरकस, झटपट आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंत लागणारं एक प्रथिन त्यातून बनतं. जागतिक दर्जाच्या वेगवान धावपटूंत त्याचा कामाचा प्रकार जास्त आढळतो हे खरं. पण तो प्रकार जगातल्या बहुसंख्य लोकांतही असतो, तुमच्या-माझ्यातही असेल. २०१५ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्पष्ट सांगितलं होतं की मुलांमधली खेळातली गुणवत्ता शोधायला या बाजारू चाचण्यांचा काही उपयोग नाही. त्या पोराला बुद्धिबळ आवडत असेल तर खेळू द्या हो!

अबोलीताई, ‘दहानंतर वेग वाढत नाही’ हे धादांत खोटं आहे. वयात येताना उंची आणि स्नायू वाढतात तेव्हा वेग आणि उडी दोन्ही मोठी झेप घेतात, विशेषतः मुलग्यांत. वयात येण्याआधी मुलगे-मुली यांच्या पळण्यात आणि उडीत फरक थोडाच असतो. म्हणून चौथीपर्यंत मुलामुलींना एकत्र खेळवायला काही हरकत नाही, शाळा उगाच वेगळं करतात. या वयात खरा फायदा होतो तो समन्वयाचा. मज्जासंस्था शिकायला उत्सुक असते, पळणं, थांबणं, वळणं, एका पायावर उडी, दोन पायांवर उतरणं या गोष्टी आता पक्क्या झाल्या की पुढे कोणताही खेळ घ्या. याचा अर्थ नंतर शिकता येत नाही असा नाही.

उडीबद्दल दोन गोष्टी. मुलं हात विसरतात. नुसते हात मागून पुढे झोकले की सरळ वर मारायची उडी साधारण दहा टक्क्यांनी वाढते, स्नायू तेच. घरी करून बघा, मुलांना जादू वाटते. दुसरं, उतरणं. मी मुलांना सांगते, मांजरासारखं उतरायचं, आवाज झाला तर फाऊल. गुडघे वाकलेले, आत न वळलेले. उंच उडी मारणाऱ्या मुलापेक्षा आवाज न करता उतरणारं मूल मला जास्त आवडतं. आणि उड्यांनी हाडं मजबूत होतात, वयात येण्याआधीची वर्षं त्यासाठी फार मोलाची. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस हाडा-स्नायूंना जोर पडेल असं काही हवं म्हणते. लंगडी त्यात चोख बसते.

आता क्लासबद्दलची माझी खरी तक्रार. माझ्याकडे आठ ते बारा वयाची मुलं टाच धरून लंगडत येतात. टाचेच्या हाडाचा मागचा भाग या वयात अजून वाढता असतो आणि पोटरीचा स्नायू तिथेच ओढतो. त्यातच रोज दीड तास उड्या, तेही सिमेंटवर. दहाच्या पुढे हाच प्रकार गुडघ्याखालच्या उंचवट्यावर होतो. विश्रांती दिली, उड्या कमी केल्या की बहुतेक बरं होतं. पण पालक विचारतात, ‘स्पर्धेपर्यंत थांबता येईल का?’ नऊ वर्षांच्या मुलाची कसली स्पर्धा! आठवड्यातून पाच दिवस एकच प्रकार नको. पॅराशूट तर नकोच नको. लेकराला स्वतःचं वजन ओढू दे आधी.

एक मात्र बघा. मूल नुसतं हळू आहे की काही अडचण आहे? जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत, स्वतःच्या अंगावर चढल्यासारखं उठत असेल, सारखं पडत असेल, कायम चवड्यांवर चालत असेल, आधी यायचं ते आता येईनासं झालं असेल, तर क्लास नाही, डॉक्टर. लवकर दम लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. आणि चश्मा! चेंडू आणि माणूस दोन्ही उशिरा दिसणाऱ्या पोराला आपण ‘ढिलं’ म्हणतो.

अबोली_नाशिक

धसकलेच होते, पण यातलं काही नाही. पोत्यात पडली तेवढीच. डोळे तपासून घेते.

कडूगोळी

गोडगोड चाललंय सगळं. नंबर नको, स्पर्धा नको, वहीत आपापली उडी. पुढे जग नंबरच लावतं. शेवटचं येण्याची सवय लावून ठेवा मग.

राईनकाठचा

कडूगोळी, तुमचा प्रतिसाद भाषांतर करून इथे जर्मनीत छापला तर संपादकीय होईल. इथल्या शाळांत ‘बुंडेसयुगेंडश्पीले’ नावाचे खेळ असतात. धावणं, लांब उडी, चेंडूफेक, त्यावर गुण, आणि गुणांप्रमाणे तीन प्रकारची प्रमाणपत्रं. पिढ्यानपिढ्या चाललेली गोष्ट. २०२३-२४ पासून प्राथमिक वर्गांसाठी सेंटिमीटर आणि सेकंद मोजायच्या जागी पट्टे आखून ‘कुठल्या पट्ट्यात पडलास’ असं करायचं ठरलं, तर देशभर गदारोळ! ‘आपण मऊ होत चाललो’ म्हणणारे तेच, आणि ‘मला आजही ते साधं प्रमाणपत्र आठवून पोटात गोळा येतो’ म्हणणारेही तेच पन्नाशीचे लोक. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. त्याला विचारलं, तुझा पट्टा कोणता? म्हणाला, पिवळा, आणि लेऑनचा माझ्यापेक्षा एक जास्त. पट्टे असोत की सेंटिमीटर, पोरं बरोबर हिशोब लावतात.

मास्तर_चौथी_ब

कडूगोळी, तुमचं पूर्ण चूक नाही. पोरांना शर्यत आवडते, मी बंद केलेली नाही. पण शर्यत अशी लावतो की निकाल आधी माहीत नसावा. हळू पोरगं पाच मीटर पुढून, वेगवान मागून. शेवटच्या रेघेवर सगळे गोळा व्हायला हवेत. मग बघा कसे पळतात. पुढचा मागे बघत पळतो, मागचा दात-ओठ खात. ज्या शर्यतीत पहिला कोण ते सुरू व्हायच्या आधी सगळ्या वर्गाला ठाऊक आहे, त्यात पहिला येणाराही जोर लावत नाही, हे पंधरा वर्षांत पाहिलंय. केंद्राच्या स्पर्धेत मात्र सरळ रेघ, तिथे मुलांना तसंच नेतो. हरून आली की येताना वडापाव.

आणि अबोलीताई, तुम्ही नाशिकच्या ना? तुमच्याच जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे. गावात उंच उडीची गादी नव्हती, तर भुसा भरून केलेल्या गादीवर उड्या मारत शिकला. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय, २.२८ मीटर उडी, सहावा. लेकीला गोष्ट सांगा. पण ‘बघ तो कसा, नाहीतर तू’ असं शेपूट लावू नका.

खांबाशी_वळलेली

पाच मीटर पुढून सोडायची कल्पना उचलली. आमच्याकडे भाच्याचे मित्र येतात त्यांच्यावर प्रयोग करते.

अबोली_नाशिक

मंडळी, मार्च उजाडला, धागा वर काढते.

क्लास लावला नाही. नवरा जरा हिरमुसला, मग त्याने स्वतःच दोरी आणली आणि पहिल्या दिवशी सात उड्यांत पोटरी धरून बसला. हाडवैद्यीण, त्याला काय करू ते वेगळा धागा काढून विचारते.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या ऑफिसला गेल्यावर जागा मोकळी असते. फरशी गुळगुळीत आहे म्हणून मागच्या बाजूच्या मुरमावर सुरू केलं. पहिल्या दिवशी आमची आणि खालच्या मजल्यावरची दोन. आता चौदा येतात, पहिलीपासून पाचवीपर्यंत, सहा-सव्वासहाला. विषामृत, साखळी, आणि निम्म्या मैदानाचा खो-खो. नियम कुणालाच धड येत नव्हते, खांबाशी ताईंचा प्रतिसाद मोबाईलवर उघडून वाचून दाखवला. मागे वळायचं नाही हे पोरांना पटायला तीन दिवस लागले. लेक पाठलागात अजूनही हळू आहे, पण तिला खो देण्याची वेळ अचूक कळते. तिच्या गटात तिला हल्ली ‘आधी ही’ म्हणून निवडतात. मी गच्चीतून बघते आणि मुद्दाम काही बोलत नाही.

उडीची वही आहे. डिसेंबरात ९६, काल १०५. उंचीही वाढलीय हे दशांशचिन्ह म्हणायच्या आधी मीच सांगते. हात झोकायचं लक्षात राहिलं की १०५, विसरली की ९८.

अडचण वेगळीच आलीय. फक्कीचे पट्टे गाड्यांच्या चाकांना लागून वर येतात म्हणून सेक्रेटरींनी नोटीस लावलीय, ‘आवारात कोणत्याही प्रकारच्या रेघा मारू नयेत.’ दोरी लावून पाहिली तर पोरं अडखळतात. विटकरीचा तुकडा मुरमावर उमटत नाही. काय करू?

मास्तर_चौथी_ब

पाणी. झारीने पाण्याची रेघ मारा, मुरमावर अर्धा तास दिसते. तेवढ्यात डाव होतो.

एक_जूनवाला

रांगोळीने मारा. चौकाचौकात एकेक ठिपका, खांबाशी कमळ. बघू कुठला सेक्रेटरी रांगोळी पुसायला सांगतो ते. पाडवा आलाच आहे.

अबोली_नाशिक

सेक्रेटरींच्या बायकोलाच विचारते काढायला. त्यांचा नातू साखळीत असतो.